कागदी लिंबाचे झाड बहारानंतर दरवर्षी खंगते: ट्रिस्टेझा कसा ओळखावा आणि कुठे थांबावे

कागदी लिंबाच्या बागेतली एक तक्रार वर्षानुवर्षे त्याच शब्दांत कानावर येते. झाड तीन-चार वर्षे जोमाने वाढते, पहिला चांगला बहार धरते, फांद्या वाकेपर्यंत फळ देते, आणि तो बहार उतरल्यानंतर मात्र पूर्वीसारखे फुटतच नाही. पुढच्या नवतीची, म्हणजे नव्या फुटीची, पाने बारीक येतात, शेंडे वाळू लागतात, झाडाखाली उभे राहून वर पाहिले तर पानांतून आभाळ दिसते. मग खत वाढते, पाणी वाढते, फवारण्या वाढतात आणि दोन-तीन वर्षांनी झाड काढून त्याच खड्ड्यात नवे रोप लावले जाते. पुष्कळदा त्या रोपाचेही तेच होते.

श्रीगोंदा तालुक्यात स्वतःची बाग सांभाळताना आणि शेजारपाजारच्या बागा पाहताना हे दुखणे मी इतक्या वेळा हाताळले आहे की त्याच्या तपासणीचा एक क्रम आता ठरून गेला आहे. या दुखण्यामागे अनेकदा ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग असतो. पण तितक्याच वेळा, किंबहुना माझ्या पाहण्यात त्याहून अधिक वेळा, कारण दुसरेच निघते. ट्रिस्टेझा झालेले झाड बरे करणारे औषध नाही आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या बहुतेक दुखण्यांवर मात्र उपाय आहे. म्हणून बऱ्या होणाऱ्या दुखण्यांची एकेक शक्यता आधी तपासून बाजूला काढावी आणि मगच झाडाला विषाणूचा शिक्का मारावा. तपासण्या बिनखर्चाच्या कामापासून प्रयोगशाळेपर्यंत अशा चढत्या क्रमाने दिल्या आहेत.

लक्षणे

पुढील लक्षणांपैकी तीन-चार एकाच झाडावर, एकापेक्षा अधिक हंगाम दिसत असतील तर तपासणी सुरू करावी.

झाडाची वाढ खुंटते आणि ते त्याच वयाच्या शेजारच्या झाडांपेक्षा ठेंगणे राहते. नवतीची पाने लहान असतात आणि त्यांच्या कडा वरच्या बाजूला वळून पानाला होडीसारखा आकार येतो. कोवळ्या पानांच्या बारीक शिरा मध्येमध्ये पारदर्शक झालेल्या दिसतात. शेंडे टोकाकडून मागे वाळत येतात. अवेळी आणि प्रमाणाबाहेर फुले येतात, फळेही पुष्कळ धरतात, पण ती सुपारीएवढी राहून लवकर पिवळी पडतात. या फुलांच्या लक्षणाने पुष्कळ जण फसतात. खंगणारे झाड एखादे वर्ष इतके फुलते की मालकाला ते सुधारले असे वाटते आणि तो त्या झाडावर पूर्ण बहार ठेवतो. अशा झाडाचा तो शेवटचा मोठा बहार ठरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

यांपैकी एकही लक्षण एकट्याने पुरेसे नाही. पिवळेपणा तर मुळीच नाही.

रोगाचा स्वभाव थोडक्यात

पुढच्या तपासण्यांमागचे कारण समजण्यासाठी हा विषाणू झाडात कोठे राहतो हे माहीत असावे लागते. ट्रिस्टेझाचा विषाणू लांब, लवचिक दोऱ्यासारखा असतो आणि तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत, म्हणजे पानात तयार झालेले अन्न मुळांकडे नेणाऱ्या सालीच्या आतल्या थरात राहतो. तो थर बिघडला की मुळांची उपासमार होते आणि वरची वाढ थांबते. त्यामुळे हा रोग पानावर दिसत असला तरी त्याची खरी खूण सालीखाली असते.

ट्रिस्टेझा या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ खिन्नता असा आहे. १९३० नंतरच्या दशकात ब्राझीलमध्ये आंबट-कडू संत्र्याच्या, म्हणजे सावर ऑरेंजच्या खुंटावर (कलमाखालच्या मूळझाडावर) बांधलेली लाखो झाडे या रोगाने गेली, तेव्हा हे नाव पडले. रोग मावा किडीमार्फत पसरतो हे तेथेच १९४६ साली मेनेगिनी यांनी दाखवले. आपल्याकडे तत्कालीन मुंबई राज्यातील लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासाचा अभ्यास करून वासुदेवा आणि कपूर यांनी १९५८ साली त्याची नोंद केली. म्हणजे महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. आपल्या आजोबांच्या बागांतही तो होता.

संत्रा आणि मोसंबीच्या शेतकऱ्यांनी येथे एक फरक ध्यानात घ्यावा. ब्राझीलमध्ये झाडे मेली ती खुंट आणि त्यावर बांधलेला डोळा (कलमाची कळी) यांच्या जोडावरचा अन्नवाहिन्यांचा थर मेल्यामुळे. जंबेरी आणि रंगपूर लाइम हे आपल्याकडचे खुंट तो मारा सहन करतात. त्यामुळे नागपुरी संत्र्याच्या झाडात विषाणू असूनही झाड वरकरणी ठीक दिसू शकते. कागदी लिंबाचे तसे नाही. तेथे लिंबाचे लाकूडच या विषाणूला बळी पडते, झाड कोणत्याही खुंटावर असो वा बियांपासून वाढवलेले असो. म्हणून खुंट बदलून लिंबाचा ट्रिस्टेझा टळेल हा समज चुकीचा आहे. आणि विहिरीजवळ उभे असलेले संत्र्याचे निरोगी दिसणारे जुने झाड लिंबाच्या बागेला विषाणू पुरवत असण्याची शक्यताही खरी आहे.

पहिली तपासणी: बागेचा नकाशा काढणे

यासाठी वहीचे एक पान आणि सकाळचा एक तास लागतो. ओळींप्रमाणे प्रत्येक झाडासाठी एक चौकोन काढावा. ६ बाय ६ मीटरवर लागवड असेल तर एकरी सुमारे १११ झाडे बसतात, तेवढे चौकोन एका पानावर मावतात. निरोगी, मध्यम आणि खंगलेले अशा तीन खुणा करत बाग एकदा पूर्ण फिरून यावी.

दुखण्याचा पसारा कसा आहे यावरून निम्मे निदान होते. मावा उडत येतो आणि कोठेही बसतो, त्यामुळे ट्रिस्टेझाची झाडे सहसा विखुरलेली असतात: येथे एक, चार झाडे सोडून दुसरे, पलीकडच्या ओळीत तिसरे. खंगलेली झाडे एकाच ओळीत सलग असतील तर आधी ठिबकची नळी तपासावी. ती शेताच्या सखल कोपऱ्यात एकत्र असतील तर पाणी साचणे आणि मुळकूज यांचा विचार करावा. चुनखडीच्या पट्ट्यावर सलग पिवळी पडली असतील तर ते जमिनीचे दुखणे आहे.

एका बागेत मला अकरा झाडे "व्हायरसची" म्हणून दाखवण्यात आली होती. नकाशा काढल्यावर ती अकराही एकाच नळीच्या शेवटच्या टोकाला निघाली. नळीच्या टोकाची गाठ सोडली तेव्हा आधी तांबूस गाळ आला, मग बराच वेळ गढूळ पाणी आले. ड्रिपर क्षारांनी बंद झाले होते आणि त्या झाडांना पूर्ण उन्हाळा निम्मेही पाणी मिळाले नव्हते. मालकाने त्याआधी दोन वर्षे त्यांच्यावर औषधे फवारली होती. नळ्या साफ करून पाणी सुरळीत केल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्यांतल्या नऊ झाडांनी चांगली नवती काढली.

दुसरी तपासणी: पान उजेडाला धरणे

हीसुद्धा बिनखर्चाची आहे, पण ती योग्य वेळी आणि योग्य पानावर करावी लागते. अगदी कोवळे, तांबूस पान उपयोगाचे नाही आणि जून, चामड्यासारखे पानही नाही. नुकतेच पूर्ण आकाराचे झालेले, अजून फिकट हिरवे आणि मऊ असलेले पान घ्यावे. सूर्याकडे पाठ न करता, पान डोळ्यांसमोर आकाशाच्या उजेडावर धरावे आणि मधल्या शिरेकडे न पाहता तिच्यापासून फुटणाऱ्या बारीक शिरांकडे पाहावे. ट्रिस्टेझा असेल तर त्या शिरांवर तुटक-तुटक, पाण्याने भिजल्यासारख्या पारदर्शक रेघा दिसतात. शीर पूर्ण लांबीभर स्वच्छ होत नाही. काही मिलिमीटर उजळ, मग पुन्हा हिरवी, मग पुन्हा उजळ, असा तो प्रकार असतो. एकदा डोळ्याला सवय झाली की चूक क्वचितच होते, पण पहिल्यांदा निरोगी झाडाचे त्याच वयाचे पान दुसऱ्या हातात धरूनच पाहावे.

कागदी लिंबावर ही खूण इतकी नेमकी उमटते की जगभरातल्या प्रयोगशाळांत ट्रिस्टेझाच्या चाचणीसाठी सूचक झाड म्हणून कागदी लिंबाचेच रोप वापरतात. संशयित झाडाचा डोळा त्या रोपावर भरतात आणि काही आठवड्यांनी त्याच्या पानांच्या शिरा पाहतात. आपल्या बागेत ते सूचक झाड आधीच उभे आहे.

ही तपासणी पावसाळा संपल्यावर ते हिवाळ्याच्या अखेरीपर्यंत करावी. कडक उन्हाळ्यात विषाणूचा जोर झाडात मंदावतो आणि पानावरची खूण पुसट होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये काही दिसले नाही म्हणून झाड निरोगी ठरत नाही. झाडाच्या चारही बाजूंची किमान दहा-बारा पाने पाहावीत, कारण विषाणू सगळ्या फांद्यांत सारखा पसरलेला नसतो.

याच वेळी पिवळेपणाचा प्रकारही ओळखून घ्यावा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पाने बारीक व अरुंद, आणि हे पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखेच असेल तर ती जस्ताची कमतरता असते. कोवळे पान जवळजवळ पांढरट आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी असेल तर लोहाची. पिवळेपणाचे ठिगळ पानाच्या एका अर्ध्यात एका जागी आणि दुसऱ्या अर्ध्यात भलत्याच जागी असेल, त्याबरोबर फळे एका बाजूला कललेली आणि आतल्या बिया काळपट, पोचट असतील तर ग्रीनिंगचा संशय घ्यावा. ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग सायला किडीमार्फत पसरतो, मावा किडीमार्फत नाही, आणि त्याची हाताळणी वेगळी आहे. या दोन रोगांची गल्लत फार होते.

तिसरी तपासणी: आळे उकरणे

कुदळ आणि खुरपे एवढेच लागते. तरीही बागायतदार हीच तपासणी सर्वांत जास्त टाळतात. खंगणाऱ्या झाडाच्या बुंध्याभोवतीची माती हळूहळू बाजूला करावी आणि जमिनीलगतची साल पाहावी. साल काळपट, ओलसर, दाबल्यावर मऊ लागणारी असेल, तिच्यातून डिंक येत असेल आणि खरवडल्यावर आत तपकिरी रंग दिसत असेल तर तो डिंक्या आहे. त्याला फायटोफ्थोरा ही बुरशी कारण असते. त्यानंतर बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर, वितीभर खोलीपर्यंत उकरून तंतुमुळे पाहावीत. एखादे बारीक मूळ दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढावे. निरोगी मूळ पिवळसर पांढरे असते आणि त्याची साल घट्ट असते. कुजलेल्या मुळाची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आतला दोरा तेवढा उरतो.

ही तपासणी सालीच्या तपासणीआधी ठेवण्याचे कारण असे की मुळकुजीचे झाड वरून अगदी ट्रिस्टेझासारखे दिसते: बारीक पाने, शेंडेमर, अवेळी फुले, लहान फळे. मुळांची उपासमार झाली काय किंवा मुळे कुजली काय, झाडाच्या माथ्यावर परिणाम एकच. मात्र मुळकुजीचे झाड वेळेत हाती लागले तर वाचते. कुजलेली साल निरोगी भागापर्यंत खरवडून तेथे बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे तिचे प्रमाण. बुंध्याला पाणी लागणार नाही असे दुहेरी आळे करावे, म्हणजे आतल्या लहान कड्यात खोड कोरडे राहते आणि पाणी बाहेरच्या कड्यात फिरते. पाटाने पाणी देणाऱ्या बागेत ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कुकडी कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आली की मिळेल तेवढे पाणी बागेत सोडण्याचा मोह होतो, आणि काळ्या जमिनीत ते पाणी बुंध्याशी दोन-तीन दिवस तुंबून राहते. आपल्या भागातल्या अनेक बागांच्या मुळकुजीची सुरुवात मी त्या दिवसांत झालेली पाहिली आहे. बुरशीनाशकाची जिरवणी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच करावी. दुकानातल्या अंदाजाने करू नये.

डिंक्याने बुंध्याचा निम्म्याहून अधिक घेर खाल्ला असेल तर त्या झाडावर आणखी खर्च करण्याआधी जाणकाराला दाखवावे.

चौथी तपासणी: साल सोलून लाकूड पाहणे

धारदार चाकू आणि दोन-तीन वर्षांची, अंगठ्याएवढी जाड फांदी लागते. झाडात रस चढलेला असताना साल अलगद सुटते, म्हणून नवती फुटत असतानाच हे काम करावे; ताणावरच्या, म्हणजे बहारासाठी पाणी तोडलेल्या, झाडाची साल तुकडे-तुकडे होऊन निघते आणि काहीच कळत नाही. फांदी कापून तिच्यावर चाकूने लांबीत एक चीर द्यावी आणि वीतभर साल दोन्ही बाजूंनी उलगडून काढावी. उघडे पडलेले ओलसर, चमकदार लाकूड उजेडात तिरके धरून त्यावरून बोट फिरवावे.

निरोगी लिंबाचे लाकूड गुळगुळीत लागते. ट्रिस्टेझाच्या झाडाच्या लाकडात लांबीच्या दिशेने बारीक खाचा असतात, कधी सुईने टोचल्यासारख्या, कधी नखाने ओरखडल्यासारख्या, आणि जोर अधिक असेल तर सबंध लाकूड खडबडीत दोरखंडासारखे लागते. आता सोललेल्या सालीची आतली बाजू पाहावी. लाकडातल्या प्रत्येक खाचेच्या समोर सालीवर एक बारीक उंचवटा असतो, जणू खाचेत बसणारी पाचर. लाकडात खाच आणि सालीत तिची जोडीदार पाचर अशी दोन्ही बाजूंची खूण मिळाली तरच तिला ट्रिस्टेझाची खाच समजावे. फांदीवरच्या काट्यांच्या बुडाशी असलेले खळगे, जुन्या जखमा आणि खोडकिडीची भोके यांना अशी जोडीदार पाचर नसते.

ही तपासणी मी पहिल्यांदा चुकीच्या रीतीने शिकलो होतो. फक्त लाकूड पाहून, काट्यांच्या बुडाचे खळगे खाचा समजून, एका शेजाऱ्याला मी चार झाडे काढायला सांगितली. ती काढल्यावर जाड फांद्या सोलून पाहिल्या तर लाकूड काचेसारखे गुळगुळीत होते. तेव्हापासून एका झाडाच्या वेगवेगळ्या बाजूंच्या तीन फांद्या आणि तुलनेसाठी निरोगी झाडाची एक फांदी सोलल्याशिवाय मी मत देत नाही.

पानाच्या शिरा आणि लाकडातल्या खाचा या दोन्ही खुणा एकाच झाडावर मिळाल्या, मुळे मात्र निरोगी निघाली, तर ट्रिस्टेझाचा संशय पक्का धरावा. दोन्हींपैकी एकच मिळाली तर पुढे जावे.

पाचवी तपासणी: पोषणाची चाचणी

खंगलेल्या झाडांपैकी चार-पाच झाडांवर, सगळ्या बागेवर नव्हे, नवतीच्या वेळी झिंक सल्फेटची फवारणी करावी: १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५० ग्रॅम विरघळवून गाळलेला चुना. लोहाची कमतरता दिसत असेल तर वेगळ्या दिवशी फेरस सल्फेटची ०.५ टक्के फवारणी करावी. जुनी पाने हिरवी होण्याची वाट पाहू नये; पुढची नवती कशी येते तेच पाहावे. ती रुंद आणि हिरवी आली तर दुखणे पोषणाचे होते. पाने थोडी हिरवी झाली पण बारीकच राहिली, होडीचा आकार गेला नाही, तर आतल्या वाहिन्याच बिघडलेल्या आहेत. विषाणूने खंगलेल्या झाडातही जस्ताची कमतरता दिसतेच, म्हणून थोडीशी सुधारणा पाहून हुरळून जाऊ नये. माती आणि पान परीक्षण याच टप्प्यावर करून घ्यावे. चुनखडीचे प्रमाण अधिक निघाले तर या जमिनीत लिंबू पुन्हा लावावे की नाही, हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो.

मावा पाहणे, आणि फवारणीकडून किती अपेक्षा ठेवावी

ही निदानाची तपासणी नव्हे, पण पुढचा सगळा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. नवतीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळपट तपकिरी, चमकदार मावा दाटीने बसलेला असतो, पाने मुरडतात, खालच्या पानांवर चिकटा पडतो आणि मुंग्यांची रांग लागते. हा काळा मावा ट्रिस्टेझाचा सर्वांत कार्यक्षम वाहक आहे. कपाशी, भेंडी आणि वेलवर्गीय भाज्यांवरचा मावाही हे काम करतो, म्हणून लिंबाच्या लहान बागेत आणि रोपवाटिकेजवळ ही पिके आंतरपीक म्हणून घेऊ नयेत.

मावा रोगट झाडावर थोडा वेळ रस शोषतो तेवढ्यात विषाणू उचलतो आणि तो साधारण एक ते दोन दिवस त्याच्याजवळ टिकतो. बाहेरून उडत आलेला मावा औषधाने मरण्याआधीच झाडाला सोंडेने टोचून जातो. त्यामुळे फवारणीने बाहेरची लागण पूर्ण थांबत नाही. मात्र आपल्याच बागेत एका झाडावरून दुसऱ्यावर होणारा प्रसार तिने निश्चित कमी होतो. प्रत्येक नवतीला ५ टक्के निंबोळी अर्क आणि मावा अधिक असेल तेव्हा शिफारस केलेले आंतरप्रवाही कीटकनाशक, असा क्रम ठेवावा. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या दिसत असतील तर काही दिवस थांबावे, कारण मावा खाण्याचे काम त्या मन लावून करतात.

विषाणूवर थेट काम करणारे म्हणून जे काही विकले जाते त्यावर पैसे घालू नयेत. झाडाच्या आत शिरलेल्या विषाणूला मारणारी कोणतीही फवारणी आज शेतकऱ्याच्या हातात नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही. ती ट्रिस्टेझाच्या झाडावर मारणे म्हणजे पैसा आणि जमीन दोन्ही वाया घालवणे आहे.

सहावी तपासणी: प्रयोगशाळा

वरच्या सगळ्या तपासण्यांनंतरही संशय उरला, किंवा दहा-वीस झाडे काढण्याची वेळ आली, तर प्रयोगशाळेचा निर्णय घ्यावा. एलायझा आणि आरटी-पीसीआर या दोन चाचण्या त्यासाठी आहेत. दुसरी अधिक सूक्ष्म आणि अधिक खर्चिक. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या विषयातली देशातली मुख्य संस्था आहे. नमुना पाठवण्याआधी संस्थेशी किंवा आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राशी बोलून पद्धत समजून घ्यावी.

नमुना चुकीचा घेतला तर चाचणीचे उत्तरही चुकीचे येते. झाडाच्या चारही दिशांकडील, पाने असलेल्या कोवळ्या फांद्या घ्याव्यात, वाळलेले शेंडे घेऊ नयेत, कारण मेलेल्या भागात विषाणू सापडत नाही. प्रत्येक झाडाचा नमुना वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, नकाशातल्या क्रमांकासह ठेवावा. तो ओल्या कागदात गुंडाळून थंड जागी ठेवावा, गोठवू नये. उन्हाळ्यात नमुना पाठवणे टाळावे. आणि खंगलेल्या झाडांबरोबर दोन निरोगी दिसणारी झाडेही तपासून घ्यावीत, म्हणजे विषाणू बागेत किती पसरला आहे याचा अंदाज येतो.

झाड काढायचे ठरल्यावर

निदान पक्के झालेले, उत्पन्न गेलेले झाड बागेत ठेवण्यात फायदा नाही. काढताना क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्या झाडावरच्या माव्याचा बंदोबस्त करावा आणि दोन-तीन दिवसांनी झाड तोडावे. तसे न करता कोवळ्या शेंड्यांसह झाड तोडून बांधावर टाकले तर पाने सुकू लागताच पंखवाला मावा शेजारच्या झाडांवर जातो. बुंधा मुळासकट काढावा. राहिलेल्या बुंध्यातून फुटवे येतात आणि ते विषाणू जिवंत ठेवतात.

विषाणू जमिनीत राहत नाही. त्याला जिवंत अन्नवाहिनी लागते, म्हणून ट्रिस्टेझाचे झाड काढलेल्या खड्ड्यात नवे रोप लावायला हरकत नाही. फायटोफ्थोराचे तसे नाही, तो मातीत टिकतो. म्हणूनच तिसरी तपासणी झाड काढतानाही पुन्हा करावी आणि मुळे कुजलेली निघाली तर खड्डा उन्हात तापवून, माती बदलून मगच लावावे.

ज्या झाडांत खुणा सौम्य आहेत आणि फळ अजून येते आहे, ती लगेच काढू नयेत. वाळलेली सल छाटावी, छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी, बहाराचा ताण सौम्य द्यावा, फळांची संख्या कमी ठेवावी आणि शेणखत भरपूर द्यावे. हस्त बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याअखेर फुलून उन्हाळ्यात येणाऱ्या फळाच्या, चढ्या भावाच्या आशेने अशा झाडाला कडक ताण देणे हे त्याला मारण्यासारखे आहे.

नवे रोप

हा विषाणू बियांतून येत नाही. कागदी लिंबाचे बियांपासून केलेले रोप उगवताना निरोगीच असते. त्याला लागण होते ती रोपवाटिकेत, उघड्यावर वर्षभर उभे असताना. रोप जितके लहान वयात लागते तितके नुकसान मोठे. म्हणून रोप घेताना जातीचे नाव विचारण्याआधी ते कीटकरोधक जाळीखाली वाढले आहे का, जाळीला दुहेरी दार आहे का, आणि आसपास जुन्या लिंबाची झाडे आहेत का हे जाऊन पाहावे. रोपवाटिकेतल्या दोन-चार रोपांची पाने तेथेच उजेडाला धरावीत. मालकाने हरकत घेतली तर रोपे घेऊ नयेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात ट्रिस्टेझाला तुलनेने सहनशील म्हणून ओळखली जाते, पण सहनशील म्हणजे रोगमुक्त नव्हे. तिचेही रोप जाळीखालचेच हवे. मोसंबी आणि संत्र्याची कलमे घेताना मातृवृक्षाची विषाणूसाठी चाचणी झाली आहे का हे विचारावे, कारण डोळ्याबरोबर विषाणू हमखास येतो.

सौम्य विषाणूची आधीच लागण करून तीव्र विषाणूपासून रोपाला संरक्षण देण्याची एक पद्धत आहे. ब्राझीलमध्ये पेरा या मोसंबीवर्गीय जातीत ती मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली आणि आपल्याकडे कागदी लिंबावर तिचे प्रयोग झाले. शेतकऱ्याने मात्र हे स्वतः करू नये. कोणता विषाणू सौम्य आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

येथे थांबावे आणि तज्ज्ञाला बोलवावे

पुढील प्रसंगी स्वतःचे प्रयोग बंद करून कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा विद्यापीठाच्या वनस्पतिरोग तज्ज्ञाला बागेत आणावे. बागेतली दहापैकी एकाहून अधिक झाडे एकाच वर्षी खंगली असतील. झाड हिरवे असताना दोन-तीन आठवड्यांत एकाएकी कोमेजले असेल. पानांवर ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग या दोन्हींच्या खुणा मिसळून दिसत असतील. सगळी बाग काढण्याचा विचार घरात सुरू झाला असेल. किंवा आपल्या झाडांपासून रोपे तयार करून दुसऱ्यांना विकण्याचा विचार असेल. तेव्हा तर चाचणीशिवाय एक डोळाही कापू नये, कारण चूक झाली तर ती दुसऱ्याच्या शेतात वाढते.

तज्ज्ञ येईल तेव्हा बागेचा नकाशा, मागच्या दोन वर्षांच्या फवारण्या आणि खतांची नोंद, माती परीक्षणाचा कागद आणि त्याच सकाळी सोललेल्या दोन फांद्या, एक खंगलेल्या झाडाची आणि एक निरोगी झाडाची, ओल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवाव्यात. नवीन रोपे लावली असतील तर त्यांची पाने पहिल्या दोन हिवाळ्यांत दर महिन्याला उजेडाला धरून पाहावीत आणि खूण दिसलेले रोप त्याच आठवड्यात, मावा मारून, मुळासकट काढावे.